ऑफिसमधून आल्यावर बाटलीतल्या तयार ग्रेव्हीवर रात्रीचं जेवण, कोण कोण करतं? घरची चव कशी आणायची?

राजेंद्रनगरवाली (इंदूर)

नमस्कार मंडळी, सरळ मुद्द्यावर येते. ऑफिस विजय नगरला आणि घर राजेंद्र नगरला, म्हणजे रोज अख्खं शहर ओलांडून यायचं, घरात पाय ठेवते तेव्हा साडेसात होऊन गेलेले असतात. हे पीथमपूरला, शिफ्ट बदलत राहते त्यामुळे त्यांच्या भरवशावर काही ठेवता येत नाही. घरी सासूबाई आणि दहावीतली मुलगी. सकाळचं जेवण व्यवस्थित होतं, त्याचं काही नाही. प्रश्न रात्रीचा आहे. पोळ्यांना बाई येते, पोळ्या डब्यात तयार असतात, पण सब्जीसाठी कांदा चिरा, टमाटर चिरा, वाटा, परता, यात पाऊण तास जातो आणि तोवर मुलगी मोबाईल घेऊन उभी, "आई ऑर्डर करून टाकू ना". हे ऑर्डर करणं हल्ली फारच व्हायला लागलंय, ते बंद करायचंय.

म्हणून सुपरमार्केटमधून काचेच्या बाटलीतली मखनी ग्रेव्ही आणली आणि एक पास्ता सॉस. पनीर टाकलं, उकळलं, पंधरा मिनिटांत जेवायला बसलो. मुलगी खुश. पण मला आणि सासूबाईंना ते जमलं नाही, गोडसर लागतं, मागून एक आंबट झाक येते, आणि पनीर टाका, मटार टाका, मिक्स व्हेज करा, चव तीच. सासूबाई म्हणाल्या, "ही भाजी नाही गं, सॉसात बुडवलेलं पनीर आहे." खोटं नाही बोलल्या.

तर विचारायचं हे की कुणी या बाटल्या रोजच्या जेवणात नीट वापरून राहिलंय का, आणि त्याला घरची चव यावी म्हणून काय करता? सासूबाईंना बीपी आहे, त्यामुळे मीठ आणि त्या प्रिझर्व्हेटिव्हची पण धास्ती आहे. आणि उघडलेली बाटली फ्रिजमध्ये किती दिवस चालते? आमच्याकडे एका वेळी अर्धीच लागते, उरलेली मागे सरकत सरकत लोणच्याच्या बरणीमागे जाऊन बसते.

"घरी ताजं करा" असा सल्ला प्लीज नको, तो घरातच मिळतो रोज.

---

माळवी_तडका (इंदूर)

ताई, तुमच्या सासूबाईंनी दोन शब्दात दुखणं सांगितलं बघा. बाटली उघडली, कढईत ओतली, त्यात पनीर सोडलं, तर ते बुडवलेलंच लागणार. ती ग्रेव्ही म्हणजे जेवण नाही, ते तुमचं वाटण आहे, कुणीतरी आधी करून ठेवलेलं. वाटण घरचं असतं तेव्हा आपण ते नुसतं गरम करून वाढतो का? नाही ना. मग हिला पण तसंच वागवा.

मी काय करते सांगते. कढईत चमचाभर तेल, त्यात जिरं, तमालपत्र, एक-दोन लवंगा, आणि अर्धाच कांदा बारीक चिरून. अर्धा कांदा चिरायला दोन मिनिटं लागतात, तेवढं करा, कारण घरची चव म्हणजे पन्नास टक्के तो तेलात लाल झालेला कांदाच असतो आणि तो बाटलीत कधीच नसतो, बाटलीतला कांदा हा उकडल्यासारखा असतो. मग आलं किसणीवर किसून थेट कढईत. आता भाजी टाका आणि भाजीला आधी परतून घ्या, डाग पडेपर्यंत, फ्लॉवर असो, शिमला असो, पनीर असो. त्यानंतर ग्रेव्ही, आणि ती पण पूर्ण नाही, चार माणसांना अर्धी बाटली पुरते, बाकी पातळ करायला गरम पाणी. ग्रेव्ही टाकली की झाकण तिरपं ठेवा नाहीतर ती अशी उडते की ओटा, टाइल्स आणि तुमचा ऑफिसचा कुर्ता सगळं रंगतं. मंद आचेवर आठ-दहा मिनिटं, आणि मधूनमधून तळापासून हलवत राहा, यात साखर आणि स्टार्च दोन्ही असतात म्हणून खाली लवकर लागतं. कडेने तेल दिसायला लागलं की समजायचं झालं. शेवटी कसुरी मेथी हातावर चोळून.

गोडपणा मारायचा असेल तर लिंबू नका पिळू, आंबट तर ती आधीच आहे. हिरवी मिरची उभी चिरून परतताना टाका, काळी मिरी टाका, भाजलेल्या जिऱ्याची पूड टाका. आंबट जास्त वाटली तर काजूची किंवा मगजची (खरबूज-कलिंगडाच्या सोललेल्या बियांची) पेस्ट चमचाभर. दूध किंवा साय घालायची असेल तर गॅस बंद करून, दोन मिनिटं थांबून मग घाला, उकळत्या टमाटरच्या ग्रेव्हीत थंड दूध ओतलं की फाटतं.

आणि हो, मीठ अजिबात आधी टाकू नका. सगळं झाल्यावर चाखायचं. बहुतेक वेळा लागतच नाही.

एक राहिलं, बटाटा, राजमा, छोले हे कच्चे किंवा अर्धकच्चे ग्रेव्हीत टाकून शिजवत बसू नका. आंबट रसात ते गळत नाहीत, अर्धा तास उकळलं तरी बटाटा मधे कडक राहतो. कुकरला आधी पूर्ण शिजवून घ्या.

---

जुना_इंदुरी (रामबाग)

वाचून मौज वाटली. ज्या शहरात संध्याकाळी कुणी जेवण करत नाही म्हटलं तर सराफ्याची खाऊगल्ली आहे, छप्पन दुकान आहे, तिथे लोक बाटलीतली भाजी आणून राहिलेत. अहो टमाटर बारीक चिरा, जिरं-मोहरी-हिंगाची फोडणी द्या, तिखट हळद घाला, पाणी उकळलं की मूठभर जाड सेव टाका. दहा मिनिटांत सेव-टमाटर तयार. यात कुठला कांदा आला, कुठलं वाटण आलं? आमच्या घरी पाहुणे अचानक आले की हीच भाजी व्हायची. माळव्यात राहून दहा मिनिटांच्या भाजीसाठी दीडशे-दोनशे रुपये मोजायचे म्हणजे कमाल आहे.

---

माळवी_तडका (इंदूर)

काका, सेव-टमाटर आम्ही पण करतो, पण दहावीतल्या मुलीला आठवड्यातून चार वेळा सेव-टमाटर वाढून बघा बरं. आणि सेवेत मीठ आणि तेल नसतं का? बीपीचा विषय निघालाय म्हणून म्हणते.

---

लेबल_वाचणारी (इंदूर)

फूड टेक्नॉलॉजी केलंय आणि बरीच वर्षं क्वालिटीच्या कामात आहे, म्हणून मीठ आणि प्रिझर्व्हेटिव्हचं मी सांगते, थोडं लांबेल.

मीठ: लेबलवर "मीठ" नाही, "सोडियम" लिहिलेलं असतं, मिलीग्रॅममध्ये, १०० ग्रॅममागे. त्याला अडीचने गुणलं की मीठ निघतं. समजा सोडियम ६०० मिलीग्रॅम लिहिलंय, म्हणजे १०० ग्रॅम ग्रेव्हीत दीड ग्रॅम मीठ. ४०० ग्रॅमची पूर्ण बाटली रिकामी केली तर ६ ग्रॅम. चौघांत वाटली तर प्रत्येकी दीड ग्रॅम, दोघांनीच खाल्ली तर प्रत्येकी तीन ग्रॅम. आता जागतिक आरोग्य संघटना म्हणते दिवसभराचं मिळून मीठ ५ ग्रॅमच्या आत ठेवा. म्हणजे दोघांत एक बाटली म्हटली तर अर्ध्याहून जास्त कोटा एका भाजीत गेला, आणि पोळी, पापड, लोणचं, सकाळच्या पोह्यांवरची सेव हे सगळं अजून मोजलंच नाही. म्हणून माळवी_तडका म्हणतात ते अर्ध्या बाटलीचं गणित चवीसाठी पण बरोबर आहे आणि सासूबाईंच्या बीपीसाठी पण. त्या रात्री ताटात पापड-लोणचं नको, कोशिंबिरीत मीठ नको, एवढं पाळा. आणि त्यांना डॉक्टरांनी मिठाचं काही प्रमाण दिलं असेल तर तेच धरायचं, माझं नाही.

लेबलवर प्रति सर्व्हिंगचे टक्के पण असतात, ते आपल्याकडे सोडियमसाठी २००० मिलीग्रॅम आणि वरून घातलेल्या साखरेसाठी ५० ग्रॅम रोजचं धरून काढतात. ते बघताना सर्व्हिंग किती ग्रॅमचं धरलंय ते आधी बघा, कारण दोन मोठे चमचे म्हणजे एक सर्व्हिंग असं लिहून ठेवलं की टक्के छान छोटे दिसतात, आणि कुणी घरात दोन चमचे ग्रेव्ही घेऊन जेवतं का? त्यापेक्षा १०० ग्रॅमचा आकडा बघावा, दोन बाटल्या शेजारी धरून तुलना तरी करता येते.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, हे फार कामाचं आहे. पहिला शब्द पाणी असेल आणि टमाटर तिसऱ्या-चौथ्या जागी, त्याच्या आधी साखर, तर ती बाटली खाली ठेवा. टमाटर, कांदा, तेल, काजू असं सुरू होत असेल तर बरी आहे. मधे १४२२ असा नंबर दिसतो तो सुधारित स्टार्च, घट्टपणासाठी. ४१५ म्हणजे झँथन गम, ते पण त्याचसाठी. यांनी अपाय होत नाही, पण ग्रेव्हीचा दाटपणा काजू-कांद्याचा नसून स्टार्चचा आहे एवढं कळतं. ३३० सायट्रिक अ‍ॅसिड, २६० अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड, तुम्हाला मागून आंबट झाक येते म्हणालात ती बहुतेक याचीच. २११ आणि २०२ हे प्रिझर्व्हेटिव्ह, सोडियम बेंझोएट आणि पोटॅशियम सॉर्बेट. ठरवून दिलेल्या मर्यादेत वापरायची परवानगी आहे, एवढं घाबरायचं कारण नाही.

आता ते आंबट का घालतात तर चवीपेक्षा सुरक्षेसाठी. पदार्थाचा पीएच (आंबटपणाचा आकडा, जितका कमी तितकं आंबट) ४.६ च्या खाली असला की बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचा जंतू त्यात वाढू शकत नाही. टमाटर स्वतः त्या रेषेच्या आसपासच असतो, कांदा-लसूण-काजू घातले की मिश्रण वर सरकतं, म्हणून आम्ल घालून खाली आणतात आणि मग गरम करून हवाबंद करतात. यामुळेच घरचं कांद्याचं वाटण बाटलीत भरून कपाटात ठेवायचा प्रयोग कुणी करू नका, आणि तेलात बुडवलेला लसूण तर बाहेर ठेवूच नका. घरी केलेलं फ्रिजमध्ये किंवा फ्रीझरमध्येच.

उघडल्यावर किती दिवस, तर जे लेबलवर लिहिलंय तेच. कुणी तीन दिवस लिहितं, कुणी सात, मसाल्यावर आणि आम्लावर अवलंबून असतं. गंमत अशी की "प्रिझर्व्हेटिव्ह नाही" असं मोठ्या अक्षरात लिहिलेली बाटली उघडल्यावर जास्त लवकर खराब होते, कारण तोवर तिला फक्त बंद झाकणानेच सांभाळलेलं असतं. कोरडा स्वच्छ चमचा वापरा, कढईत घालून झालं की लगेच झाकण लावून आत. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीला जातो तेव्हा जेवण होईपर्यंत ओट्यावर बाटली विसरलात असं चालत नाही. वर पांढरी बुरशी दिसली तर ती काढून खालचं वापरायचं नाही, सगळी बाटली टाकायची. आणि विकत घेतानाच झाकणाच्या मधला भाग बोटाने दाबून बघा, तो खाली बसलेला असायला हवा. टिकटिक वाजत असेल किंवा झाकण फुगलं असेल तर दुकानातच सोडून या.

---

बडोद्याची_सून (बडोदा)

माहेर इंदूरचं, लोकमान्य नगर, म्हणून या धाग्यात घुसतेय.

ताई "ताजं करा" नको म्हणालात तर ताजं नाही सांगत, शिळं सांगते 😄 बाटली हवीच कशाला, बाटलीतलं आहे ते महिन्यातून एका रविवारी स्वतः करून फ्रीझरमध्ये टाका. मी हे कधीपासून करतेय आणि आता बाटली आणायची आठवण पण येत नाही.

एक किलो कांदा, दीड किलो टमाटर, पन्नास ग्रॅम लसूण, पन्नास ग्रॅम आलं, शंभर ग्रॅम काजू तुकडा किंवा मगज, जे स्वस्त असेल ते. तुम्ही राजेंद्र नगरला म्हणजे चोइथराम मंडी जवळच, टमाटर स्वस्त असले की तिथूनच उचला. कांदा उभा चिरून मोठ्या कढईत तेलात परतायचा, इथे घाई नको, वीस-पंचवीस मिनिटं, बदामी रंग येईपर्यंत. मग आलं लसूण, मग टमाटर मोठे तुकडे आणि काजू, झाकण ठेवून टमाटर गळेपर्यंत. गार करा, मिक्सरमधून काढा, परत कढईत टाकून हळद, तिखट, धणेपूड घालून तेल सुटेपर्यंत आटवा. मीठ नाही घालायचं, गरम मसाला पण नाही, ते रोजच्या रोज भाजीप्रमाणे. मग परातीत पसरून पूर्ण गार करा, गरम गोळा डब्यात भरून फ्रीझरमध्ये ठेवला तर मधला भाग बराच वेळ कोमट राहतो, ते वाईट.

गार झालं की बर्फाच्या ट्रेमध्ये. ट्रे वेगळा ठेवा, नाहीतर सरबतात लसणाचा बर्फ येतो. गोठलं की क्यूब काढून झिपच्या पिशवीत, वर तारीख लिहा. एका क्यूबमध्ये साधारण दोन मोठे चमचे मावतात, चौघांच्या भाजीला सहा-सात क्यूब पुष्कळ. संध्याकाळी फ्रीझरमधून थेट गरम कढईत, वितळायची वाट बघायची गरज नाही. दोन-तीन महिने चव चांगली राहते, नंतर खराब नाही होत पण लसणाचा वास बदलतो.

खर्चाचं म्हणाल तर बाटलीच्या निम्म्यातही पडत नाही, आणि बीपीवाल्यांना मीठ आपल्या हातात. याच क्यूबांवर मी सेव-उसळ करते, बडोद्याची, वाटाणे कुकरला लावायचे, क्यूब, वर तर्री, सेव. मुलांना वाटतं आईने खूप काहीतरी केलंय.

---

राजेंद्रनगरवाली (इंदूर)

बापरे किती लिहिलंत सगळ्यांनी, वाचून काढलं. लेबलवाल्या ताईंचं वाचून घरातली बाटली उलटी करून बघितली, पहिला शब्द पाणी, तिसरा साखर. कळलं गोड का लागते ते.

बडोद्याच्या ताई, क्यूबची आयडिया मस्त आहे, पण रविवारी अडीच किलोचा घाट म्हणजे माझा अर्धा रविवार गेला की. आणि दुसरं, पाऊस सुरू व्हायच्या आधी आमच्याकडे वादळाने लाइट जाते ती कधी कधी बऱ्याच तासांसाठी, तेव्हा फ्रीझरमधलं काय करायचं?

---

बडोद्याची_सून (बडोदा)

अर्धा रविवार नाही, चिरणं धरून दीड तास, आणि त्यातला अर्धा वेळ कढई आपली आपण उकळत असते, तुम्ही बाजूला केस धुवून या. मुलीला लसूण सोलायला बसवा. हवं तर कांदा तेवढा आदल्या रात्री चिरून ठेवा.

लाइटचं लेबलवाल्या ताई सांगतील, मी तर फ्रीझर उघडत नाही एवढंच करते.

---

लेबल_वाचणारी (इंदूर)

तेच करायचं, उघडायचा नाही. गच्च भरलेला फ्रीझर दार बंद ठेवलं तर साधारण ४८ तास थंडावा धरतो, अर्धा भरलेला असेल तर २४ तास. हे आकडे मोठ्या, वेगळ्या दाराच्या फ्रीझरचे आहेत, आपल्या सिंगल डोअर फ्रिजमधला वरचा छोटा कप्पा एवढा नाही टिकत, तिथे सावध राहा. लाइट आल्यावर क्यूबांवर अजून बर्फाचे कण असतील तर पुन्हा गोठवायला हरकत नाही. पूर्ण पातळ आणि कोमट झालं असेल तर टाका, उकळून वाचवायच्या भानगडीत पडू नका.

जाता जाता, बाटलीतली उरलेली ग्रेव्ही पण याच ट्रेमध्ये गोठवता येते. उघडल्या दिवशीच अर्धी वापरायची, अर्धी ट्रेमध्ये. मग ती लोणच्यामागे जाऊन बसणार नाही.

---

मेलबर्नवरून_मल्हारगंज

मल्हारगंजात वाढलो, आता बरीच वर्षं ऑस्ट्रेलियात. इकडचं सांगतो कारण हे प्रकरण इकडे चांगलंच रुळलेलं आहे. इथे सुपरमार्केटमध्ये एक अख्खी रांग या सिमर सॉसची असते, टिक्का मसाला, कोरमा, रोगन जोश, शिवाय थाई, मेक्सिकन, इटालियन. नवरा-बायको दोघं साडेपाचला सुटतात, तव्यावर चिकन परतायचं, बरणी ओतायची, वीस मिनिटं मंद आचेवर सोडायचं, तोवर भात. गोऱ्यांच्या घरात हे आठवड्यातून एकदा तरी असतंच, त्यात कुणाला काही कमीपणा वाटत नाही.

पण इथे दोन वेगळ्या गोष्टी मिळतात, आणि आपल्याकडचे लोक आले की हमखास चुकीची उचलतात. एक ती तयार ओतायची बरणी, ती मोठी, ४००-४५० ग्रॅम, पातळसर, गोड, तिखट नावालाच. दुसरी छोटी बरणी, करी पेस्टची, ती गच्च मसाल्याची आणि तेलाची, वर तेलाचा थर तरंगत असतो. तिच्यात कांदा टमाटर आपण घालायचा, चार जणांना तीन-चार चमचे पुरतात, बाकी फ्रिजमध्ये आठवडे राहते. आपल्या जिभेला ही दुसरीच बरी, कारण तिखट-मीठ कमीजास्त करता येतं. तुमच्या तिकडे पण पेस्ट आणि पाउच मिळतात, राजेंद्रनगरवाली ताईंनी ओतायच्या ग्रेव्हीऐवजी पेस्ट घेऊन बघावी, टमाटर मिक्सरला फिरवला की काम झालं.

इकडच्या दुकानात हमखास दिसणारं एक नाव पटाक्सचं. लक्ष्मीशंकर पाठक म्हणून गुजराती गृहस्थ, केनियातून कुटुंबासकट इंग्लंडला गेले आणि १९५७ मध्ये घरच्या स्वयंपाकघरातून समोसे-मिठाई विकत सुरुवात केली, तिथून लोणची, पेस्ट, सॉस. २००७ साली असोसिएटेड ब्रिटिश फूड्सने ती कंपनी घेतली. इंग्रजी स्पेलिंगमधला एच (Pathak चं Patak) इंग्रजांना उच्चारायला सोपं पडावं म्हणून गळला म्हणतात. म्हणजे बाटलीतली करी गोऱ्यांना आपल्याच माणसाने शिकवली, रामबागच्या काकांनी एवढं रागवायचं कारण नाही.

एक टीप माझी. बरणी ओतून झाली की आत पाव बरणी गरम पाणी घ्या, झाकण लावून जोरात हलवा आणि ते पाणी कढईत. काचेला चिकटून दोन-तीन चमचे मसाला राहतो, त्यातच सगळा जीव असतो. फक्त थंडगार बरणीत उकळतं पाणी नका ओतू, काच तडकते.

---

एकटा_जीव (पलासिया, इंदूर)

मी फ्लॅटवर दोन मित्रांबरोबर राहतो, आमचं अर्धं जेवण या बाटल्यांवरच चालतं, तर आमचा पण अनुभव घ्या. पास्ता सॉस हा पास्त्यासाठी आहे हे विसरून जा. तो नुसता टमाटर-लसूण-तेल आहे, वर थोडं ओरिगॅनो बेसिल. कांदा परता, पास्ता सॉस, लाल तिखट, थोडं पाणी, उकळी आली की त्यात चार अंडी फोडून सोडा, झाकण ठेवा, पाच-सात मिनिटं, पावाबरोबर खा. अंडी खात नसाल तर उकडलेला राजमा त्याच सॉसमध्ये, भाताबरोबर चालतो, मुलीला तर मेक्सिकन म्हणून खपवता येईल. शेजवान चटणी चमचाभर, त्यात कोबी-गाजर-शिमला मोठ्या आचेवर, आणि सकाळचा उरलेला भात. पण शेजवानमध्ये मीठ जबर असतं, ती सॉससारखी ओतू नका, चटणीच समजा.

मखनी ग्रेव्हीत मी मसूर डाळ शिजवलेली टाकतो, वाटीभर. बाटली दुप्पट पुरते, गोड पण कमी होतं, प्रोटीन पण मिळतं. घरी आईला सांगितलं तर ती म्हणाली दालमखनीच केलीस की रे.

---

जुना_इंदुरी (रामबाग)

मेलबर्नवाले भिया, रागावलो नाही, गंमत करत होतो. आता खरं विचारतो. आमच्या सूनबाईने थाई हिरव्या करीची पेस्ट आणलीये, दुकानदार म्हणाला शाकाहारी आहे. आमच्याकडे मांस-मच्छी घरात येत नाही. बाटलीवर सगळं बारीक अक्षरात, चष्मा लावून पण दिसेना. कसं ओळखायचं?

---

लेबल_वाचणारी (इंदूर)

काका, दुकानदाराचं ऐकू नका, खूण बघा. हिरव्या चौकोनात हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, तपकिरी चौकोनात तपकिरी त्रिकोण म्हणजे मांसाहारी, आधी त्रिकोणाच्या जागी पण ठिपकाच असायचा, म्हणून जुन्या सवयीने नुसता ठिपका बघून घेऊ नका, रंग बघा. थाई पेस्टमध्ये पुष्कळदा सुकवलेल्या झिंग्याची पेस्ट असते, काहींत फिश सॉस, नावावरून काही कळत नाही, भाजीचं चित्र असलं तरी आत असू शकतं. बाहेरून आलेल्या बाटलीवर मागे एक चिकटवलेलं लेबल असतं, आयात करणाऱ्याचं नाव आणि एफएसएसएआयचा (सरकारी अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) नंबर असलेलं, खूण त्यावर सापडेल. लेबलच नसेल तर ती बाटली घेऊच नका. मोबाईलने फोटो काढून मोठा करून वाचा, चष्म्यापेक्षा ते बरं.

शाकाहारी निघाली तर सूनबाईंना सांगा, पेस्ट आधी तेलात मिनिटभर परतायची, मग नारळाचं दूध, आणि भाजी म्हणून लाल भोपळा घाला. गोड भोपळा आणि तिखट हिरवी पेस्ट फार छान जमतं.

---

राजेंद्रनगरवाली (इंदूर)

आज करून बघितलं. घरात होती तीच गोड मखनी, माळवी_तडकांच्या पद्धतीने, अर्धा कांदा लाल केला, आलं किसलं, मटार आणि फ्लॉवर डाग पडेपर्यंत परतले, अर्धी बाटली, त्यात एकटा_जीवची मसूर डाळ वाटीभर, बरणी धुतलेलं पाणी पण घातलं. मीठ शून्य. घड्याळ लावून नाही बघितलं पण मुलीचं "ऑर्डर करू" यायच्या आत ताटं वाढून झाली होती. सासूबाईंनी काही कौतुक नाही केलं, पण दुसऱ्यांदा घेतली, आणि त्यांच्याकडून एवढं म्हणजे खूप आहे.

उरलेली अर्धी बर्फाच्या ट्रेमध्ये गेली. या रविवारी एकदम अडीच किलो नाही, निम्म्या मापाने क्यूब करून बघते, आणि घाईच्या दिवसासाठी एक पेस्टची छोटी बरणी कपाटात. सियागंजच्या घाऊक बाजारात या पेस्ट घाऊक भावात मिळतात का कुणाला माहीत आहे?

---

माळवी_तडका (इंदूर)

सियागंजला मोठे हॉटेलवाल्यांचे पॅक मिळतात ताई, किलो-किलोचे, घरासाठी ते नका घेऊ, उघडल्यावर संपत नाहीत. तिथून मगज, कसुरी मेथी आणि अख्खा मसाला आणा, तो तिथे ताजा आणि स्वस्त पडतो. पेस्ट तुमच्या कॉलनीतल्याच दुकानातून छोटी आणा, तारीख बघून.